घरीच असता ना?

मागच्या महिन्यात एका दुपारी बेल वाजली. मी हेडफोन लावून कॉलवर होते, टीम लीड महिनाअखेरच्या कामाचं काहीतरी सांगत होता, आणि बाहेरचा माणूस बेलवरचं बोट काढायला तयार नव्हता. म्यूट केलं, धावत गेले, दार उघडलं तर कुरिअरवाला. एक पार्सल समोरच्या फ्लॅटचं, एक वरच्या मजल्यावरचं आणि एक भलामोठा खोका, ज्यावरचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. म्हटलं, अहो हे आमचं नाही. तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "वॉचमन बोलला, दोनशे तीनच्या मॅडम घरीच असतात." आणि सहीसाठी मोबाईल पुढे केला. मी बोटाने काहीतरी गिरगटलं, खोके चपलांच्या रॅकशेजारी रचले आणि परत येऊन बसले तर कॉलवर माझंच नाव पुकारलं जात होतं.

पार्सलांचं काही नाही हो, शेजारधर्म म्हणून माणूस ठेवून घेतोच. समोरच्या काकूंनी आमच्या लेकीला किल्ली नाही म्हणून कितीतरी वेळा स्वतःच्या घरात बसवून, वर पोहे खाऊ घातलेत, त्यामुळे हिशेब मांडायला गेलं तर देणं माझ्याच बाजूला निघेल. पण ते "घरीच असतात" काही डोक्यातून जाईना. रात्री ओटा पुसताना तेच, झोपताना तेच. कारण माझा नवराही आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतो, त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत. आणि तो घरी असतो त्या दिवशी वॉचमन खालूनच कुरिअरवाल्याला सांगतो की वर जाऊ नको, साहेबांची मीटिंग असेल.

वॉचमनवर रागवायचं तरी कसं, तो बिचारा जे बघतो तेच बोलतो. त्याला मी दिसते ती दूध घ्यायला, कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला, लेकीच्या रिक्षासाठी खाली उतरलेली. लॅपटॉपसमोर बसलेली मी त्याला कशी दिसणार?

मी मेडिक्लेमच्या फायली तपासते. म्हणजे हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्ज समरी, औषधांच्या पावत्या, रिपोर्ट असं सगळं स्क्रीनवर येतं आणि त्यातलं पॉलिसीत काय बसतं, काय नाही ते बघायचं. रूमचं भाडं मर्यादेत आहे का, ॲडमिट झाल्याची तारीख सगळ्या कागदांवर एकच आहे का, मोतीबिंदूची फाईल असेल तर डोळ्यात बसवलेल्या लेन्सचं स्टिकर जोडलंय का. ऐकायला कंटाळवाणं आहे पण लक्ष लागतं, एक तारीख नजरेतून सुटली तर कुणातरी आजोबांचे पैसे उगाच अडकतात आणि मग त्यांचा मुलगा कॉल सेंटरला फोन करून करून वैतागतो. आणि लक्ष म्हणजे अशी गोष्ट की कुकरची शिट्टी मोजायला अर्धा मिनिट जरी उठलं तरी परत येऊन तीच फाईल पहिल्या पानापासून. ऑफिसात कुणी डेस्कपाशी आलं तर निदान समोर फाईल उघडी दिसते म्हणून थांबतं तरी. घरात कुणी थांबत नाही, कारण घरातल्या बाईच्या हातात कायमच काहीतरी असतं, मग ती भाजी असो नाहीतर माऊस.

गंमत म्हणजे ऑफिसलाही मी दिसत नाही. त्यांना दिसतो चॅटमधला माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका. तो थोडा वेळ हात लागला नाही की पिवळा होतो. मग बाथरूमला जाऊन येताना, गॅस बंद करून येताना आधी माऊस हलवायचा आणि मग खुर्चीत टेकायचं, ही सवय कधी लागली कळलंही नाही. मला कुणी कधी विचारलं नाहीये की ठिपका पिवळा का होता म्हणून. तरीही. इकडे घराला वाटतं ही नुसती बसलीये, तिकडे ऑफिसला वाटत असेल ही भाजी निवडत असेल, आणि मी दोघांनाही पटवून देण्याच्या नादात दुपारचं जेवण कीबोर्डवर वाकून उरकते. पोळीचा एक तुकडा तर स्पेसबारखाली बरेच दिवस होता.

हे सगळं सुरू झालं ते अर्थात लॉकडाऊनमध्ये. 22 मार्च 2020 चा तो रविवार, थाळ्या वाजल्या आणि त्या रात्रीपासून लोकल बंद. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला लोकल बंद म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ऑफिसने टेम्पोतून डेस्कटॉप घरी पाठवला, तो इस्त्रीच्या टेबलावर मांडला, आणि पहिले काही आठवडे खरं सांगायचं तर मजा वाटली. आठची फास्ट नाही, धक्के नाहीत, ठाण्याचा जिना नाही. सासूबाई खूश की सून घरात आहे, लेक खूश की आई घरात आहे. मग हळूहळू कळायला लागलं की प्रवासाचे वाचलेले तास मला कुणी दिलेलेच नाहीत. अर्धे ऑफिसने घेतले, नऊला लॉगिन ऐवजी साडेआठलाच "एक क्विक कॉल", आणि अर्धे स्वयंपाकघराने घेतले, कारण आता घरीच आहेस तर नाश्त्याला रोज ब्रेड कशाला.

त्या वर्षी 21 ऑक्टोबरपासून बायकांना लोकलने प्रवास करायला परवानगी मिळाली, सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि मग संध्याकाळी सातनंतर. माझं ऑफिस बंदच होतं, कुठे जायचं नव्हतं. तरी एका सुट्टीच्या दिवशी मास्क लावून ठाण्यापर्यंत गेले आणि आले. डब्यात मोजक्याच बायका, पंख्याचा आवाज, मुंब्र्याच्या खाडीचा तो वास. घरी सांगितलं की बँकेत काम होतं.

माझा जुना रूट म्हणजे डोंबिवलीहून ठाणे, तिथे पूल चढून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म, ट्रान्सहार्बर लाइनच्या लोकलने ऐरोली, ऑफिस. जाताना बोलायला शुद्ध नसायची. पण येताना ठाण्याला बसायला मिळालं की पिशवीतून मेथीची जुडी निघायची. कुणी लसूण सोलतंय, कुणी मटार, कुणी पोरीच्या प्रोजेक्टसाठी कार्डबोर्ड कापतंय, आणि तोंडं चालूच. कुणाच्या बॉसची नक्कल, कुणाच्या जावेचा किस्सा. त्या वेळावर ऑफिसचाही हक्क नव्हता आणि घराचाही. डोंबिवलीला उतरेपर्यंत मनातला बॉस निम्मा तरी गळून पडलेला असायचा. आता लॅपटॉप मिटला की दुसऱ्या मिनिटाला मी ओट्याशी, हात कणकेत आणि डोक्यात अजून डिस्चार्ज समरी. अर्थात गळे काढण्यात अर्थ नाही. जुलैत दारात लटकताना कुणाची तरी ओली छत्री बरगडीत घुसते, दिवा स्टेशन आलं की आतले बाहेर आणि बाहेरचे आत, त्यात काव्य वगैरे काही नाही. ते मला रोज परत नकोय. फक्त तो मेथी निवडायचा वेळ हवाय, आणि तो घरात कुठे ठेवलेला असतो ते सापडत नाहीये.

आमच्या घरात घरून काम करणारी मी पहिली नव्हे.

आई फॉल-बीडिंग करायची. चाळीतल्या दोन खोल्या, बाहेर मामाने ऑइलपेंटने रंगवून दिलेली पाटी, आणि खिडकीशी पायाचं मशीन. साडी आली की पदराच्या कोपऱ्याला सेफ्टी पिनने नावाची चिठ्ठी. फॉल आधी भिजवून वाळवून इस्त्री करायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडी खालून गोळा होते. एक कड मशीनवर मारली तरी वरचे टाके हाताने, इतके बारीक की सुलट बाजूने दिसता कामा नयेत. मी अभ्यासाला बसायचे ते तिच्या मशीनच्या आवाजात, आणि आवाज थांबला की मान वर व्हायची, कारण थांबला म्हणजे दोरा तुटला नाहीतर कुणीतरी दारात आलं. आणि दारात सतत कुणीतरी यायचंच. "तुम्ही घरीच आहात ना, जरा दुधावर लक्ष ठेवा." "तुम्ही घरीच आहात ना, गॅसवाला आला तर सिलेंडर घेऊन ठेवा." चाळीतले निम्मे सिलेंडर आईने उतरवून घेतले असतील. ती कधी कुणाला नाही म्हणाली नाही, नंतर आमच्यापाशी मात्र भरपूर धुसफुसायची.

पण आईच्या कामाला एक गोष्ट होती जी माझ्याकडे नाही. डाव्या हाताला साड्यांचा ढीग असायचा, उजव्या हाताला झालेल्या साड्या. डावीकडचा ढीग संपला की मशीनवर झाकण चढायचं. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक आलं तरी झाकण निघत नसे, ती आडवी व्हायची, खरोखर घोरायची. माझ्या डावीकडे जो क्यू आहे तो एक फाईल उपसली की दुसरी वर येते, मी पहाटेपर्यंत बसले तरी तळ दिसणार नाही. आता हे ऐकून आईचे दिवस फार सुखाचे होते असं मात्र कुणी समजू नये. लग्नसराईत ती रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत ट्यूबलाईटखाली टाके घालायची, डोळे लाल, आणि साडीमागे मिळायचे किती, तर सांगायलाही लाज वाटावी इतके.

गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. मला त्यातली पद्धत आवडते. सकाळी जाऊन मळलेलं पीठ घ्यायचं, घरी आणून लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायचे, लाटणावळ घ्यायची, नवीन पीठ घ्यायचं. घर स्वच्छ आहे का, पापड वाळवायला जागा आहे का हे आधीच बघितलं जातं, आणि जिच्या घरी जागा नाही तिला पीठ मळण्यासारखं दुसरं काम. सोलापूरकडे विड्या वळणाऱ्या बायकांचंही तसंच, पानं-तंबाखू घरी आणायची आणि हजारावर मजुरी. त्यातली पिळवणूक, पाठदुखी, तंबाखूची धूळ हे सगळं आहेच, कुणाला त्याची शिफारस करावी असं ते काम नाही. पण "आज किती झालं" याचं उत्तर तराजूत दिसतं. मला संध्याकाळी लेकीने विचारलं की आज काय केलंस, तर मी म्हणते, "कॉल होते गं."

मध्यंतरी एका प्रयोगाबद्दल वाचलं. शांघायची सीट्रिप नावाची ट्रॅव्हल कंपनी, 2010 च्या शेवटी त्यांनी कॉल सेंटरमधल्या इच्छुक लोकांपैकी काहींना घरून काम दिलं, काहींना ऑफिसातच ठेवलं, कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. नऊ महिने मोजमाप केलं. घरून करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. हा आकडा वर्क फ्रॉम होमवाले झेंड्यासारखा नाचवतात. पण त्या तेरातले जवळपास नऊ टक्के कुठून आले, तर लोक शिफ्टमध्ये जास्त मिनिटं काम करत होते, ब्रेक कमी घेत होते, आजारपणाच्या रजा कमी घेत होते. म्हणजे घरून काम फार झपाझप होतं असं नाही, घरून माणूस उठतच नाही. मला तर स्पेसबारखालचा पोळीचा तुकडाच आठवला. आणि प्रयोग संपल्यावर जेव्हा निवडायला सांगितलं तेव्हा घरून करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे ऑफिसला परत गेले. मोठं कारण एकटेपणा. अजून एक, त्या प्रयोगात यायला अट होती की घरी कामासाठी स्वतंत्र खोली हवी. वन बीएचकेत हे वाचताना मी मोठ्याने हसले, त्यावर लेकीने शूऽऽ केलं, तिची ऑनलाइन ट्यूशन चालू होती. तेच टेबल, पलीकडची बाजू.

म्हणूनच मला ते "घरातला एक कोपरा फक्त कामासाठी ठेवा, शेजारी छोटंसं रोप ठेवा" वगैरे सल्ले वाचले की चीड येते. आमच्या घराचे कोपरे वाटून झालेत. एकात देव्हारा, एकात वॉशिंग मशीन, एकात लेकीची सायकल, चौथ्यात सासूबाईंची आरामखुर्ची, आणि ती हलवायची कुणाची टाप नाही. पोमोडोरो पण करून पाहिलं. 1980 च्या दशकाच्या शेवटी फ्रांचेस्को चिरिलो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर लावून अभ्यास केला, पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, अशी ती पद्धत. असेल चांगली. आमच्या घरात आधीच कुकर, डोअरबेल, वॉशिंग मशीन आणि सासूबाईंचा सिरीयलचा अलार्म हे सगळं वाजत असतं, त्यात अजून एक वाजणारी वस्तू आली इतकंच.

जे थोडंफार चाललं ते फार शहाणपणाचं वगैरे नाही, रेटारेटीतून निघालेलं आहे. अवघड फायली, म्हणजे ज्यात दोन-दोन सर्जऱ्या आणि शंभर पानं असतात त्या, सकाळी घर उठायच्या आधी काढते. त्या वेळी दूधवाला सोडला तर माझ्याकडे कुणाचंच काम नसतं. त्या बदल्यात दुपारी लेक आली की तासभर मी लॉगिन असते पण सोप्या फायली, एक कान तिच्याकडे. टीम लीडला स्पष्ट सांगितलंय की या वेळात अर्जंट असेल तर फोन कर, चॅट बघणार नाही. बोलायला घाबरत होते, तो म्हणाला "हां चालेल", इतकंच. संध्याकाळी लॅपटॉप कपाटात, साड्यांच्या खाली. टेबलावर नुसता मिटून ठेवला तर मी जाता-येता उघडते, कपाट उघडून साड्या बाजूला करून काढायचा म्हटलं की कंटाळा येतो, आणि हा कंटाळा फार कामाचा निघाला. मग भाजी आणायला खाली उतरते. ऑनलाइन दहा मिनिटांत येते, माहितीये, नवऱ्याने ॲपही टाकून दिलंय. पण मला जायचं असतं. भाजीवाल्या मावशींना माझ्या टार्गेटशी काही देणंघेणं नाही, त्यांना फक्त सुट्टे पैसे हवे असतात.

रोज जमतं का? नाही. महिनाअखेरीला लॅपटॉप कपाटात जातच नाही.

नवऱ्याशी मात्र एकदा कडाक्याचं वाजलं, ते बरं झालं. न बोलता असं ठरून गेलं होतं की जो घरी असेल त्याने कुकर लावायचा. ऐकायला समान हक्क वाटतो. पण तो घरी असला की सासूबाई "अरे तू कॉलवर बस" म्हणत स्वतःच उठायच्या आणि मी घरी असले की गुडघे दुखायचे. त्यांचे गुडघे खरंच दुखतात, मी टोमणा मारत नाहीये, थोडासा मारतेय. आता तो घरी असतो त्या दिवशी बेलही त्याची आणि कुकरही त्याचाच, सासूबाई उठल्या तर त्यांना बसवायचं कामही त्याचं. पहिल्या आठवड्यात एकदा भात करपला, एकदा क्लायंटच्या कॉलवर गाडी बाजूला घ्यायला सांगणारा वॉचमन ऐकू गेला. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव बघून मला वाईट वाटायला हवं होतं.

फ्रान्समध्ये 2017 पासून कायदाच आहे की कामाच्या वेळेनंतर ऑफिसचे ईमेल बघायचे की नाही, याबाबत मोठ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांशी बोलून काहीतरी ठरवावं लागतं. आपल्याकडेही सुप्रिया सुळेंनी 2018 साली लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, ऑफिसचा फोन वेळेनंतर न उचलण्याचा हक्क देणारं. खासगी विधेयकांचं बहुतेकदा होतं तेच झालं, त्याचा कायदा काही झाला नाही. झाला तर मी पेढे वाटेन. पण कायदा बॉसला आवरेल, माझ्या दाराच्या बेलला कोण आवरणार, आणि रात्री साडेदहाला "फक्त बघते" म्हणत चॅट उघडणाऱ्या माझ्या अंगठ्याला तरी कोण?

आई अलीकडे थोडे दिवस राहायला आली होती. माझ्या शेजारी बसून तिने बराच वेळ स्क्रीन बघितली, मग विचारलं, "फाईलमागे किती मिळतात?" म्हटलं, फाईलमागे नाही, महिन्याचा पगार. "मग दुपारी का नाही झोपत?" मी तिला टार्गेट समजावलं, वेळेत फाईल नाही झाली तर रिपोर्टमध्ये कसं लाल येतं ते दाखवलं, क्यू दाखवला. तिने चष्मा वर करून आकडा वाचला आणि म्हणाली, "एवढ्या साड्या कुणी आणून टाकल्या असत्या तर मी परत पाठवल्या असत्या." मग थांबून म्हणाली, "नसत्या पाठवल्या. लग्नसराई असती तर घेतल्याच असत्या." आणि टेबल मोकळं कर म्हणाली, तिला कोबी चिरायचा होता.

आता ऑफिसने नवीन फॉर्म पाठवलाय. आठवड्यातले किती दिवस घरून काम करायला आवडेल, एक ते पाच, कारण लिहायला जागा नाही. नवरा म्हणतो पाच लिही, पासाचे पैसे वाचतील. लेक म्हणते एकच लिही, तू घरी असलीस की दिवसभर हळू बोल म्हणतेस. ट्रेनच्या ग्रुपवर विचारलं तर तिथे वेगळाच गोंधळ, दोघी म्हणाल्या येऊ नकोस, बसायला जागा नाही, आणि एकीने विचारलं की येणार असशील तर मंगळवारी ये, मंगळवारी मी डोसा आणते. सध्या तीन लिहून ड्राफ्ट सेव्ह केलाय. शुक्रवारपर्यंत मुदत आहे, त्याआधी मंगळवार येतोय, बघू.